कटपीसातला शनी

रेवा, परवा व्हिडिओवर बोलताना माझ्या पाठीमागच्या भिंतीकडे बोट दाखवून तू विचारलंस, "आजी, ते भजं कसलं लावलंयस फ्रेममध्ये?" निखिल म्हणाला, भजं नाही, शेंगदाणा आहे. मग तुमची शाळेची वेळ झाली आणि विषय तिथेच राहिला. विषय अर्धा सोडायला मला आवडत नाही, हे तुमची आई तुम्हाला सांगेल. म्हणून लिहून पाठवते आहे. मराठीत लिहिते. इंग्रजी मी आयुष्यभर शिकवलं, पण ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे तो इंग्रजीत माझ्या हाती लागत नाही. अडेल तिथे आईला विचारा.

ते भजं म्हणजे शनी ग्रह आहे. आपल्या शेजारच्या सिद्रामअण्णांनी त्यांच्या गच्चीवरून, दुर्बिणीला कॅमेरा लावून काढलेला त्याचा पहिला फोटो. त्याला भजं म्हणणारी तू पहिली नाहीस. तुझ्याआधी एका बाईने याच भिंतीसमोर उभं राहून हाच प्रश्न विचारला होता. तिच्याकडे मी येईनच. आधी अण्णा.

अण्णांचं आपल्या हुलसूरच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. बुटका, गोरा माणूस. पांढरा सदरा, पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे आणि गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. घरात मराठी, दुकानात समोरचा बोलेल ती भाषा: कानडी, उर्दू, औरादकडचा कुणी आला तर मोडकंतोडकं तेलुगूसुद्धा. त्यांची एक खोड होती. हातात काहीही आलं की ते अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून चोळून बघायचे. लग्नाची पत्रिका, ज्वारीची भाकरी, नोट, झाडाचं पान, काहीही. "पोत बघायलाव," म्हणायचे. माणसांबद्दलही तीच भाषा. गावातल्या एका पुढाऱ्याबद्दल एकदा मला म्हणाले, "पोत चांगला होता म्याडम. पर धुतल्यावर रंग जायलाय."

दुकानाच्या दाराशी एक वेताची टोपली असे. तिच्यात कटपीस, म्हणजे थानाच्या शेवटी उरलेले तुकडे आणि विणीत कुठेतरी दोष असलेला माल. त्या टोपलीपाशी अण्णा कधी उभे राहिले नाहीत. तिथलं गिऱ्हाईक नोकर बघायचा. अण्णांना त्या टोपलीची लाज वाटे.

एकदा मी दुकानात बसलेली असताना कमठाण्याहून लग्नाची मंडळी आली. नवरीची साडी ठरली, सगळ्यांना पसंत पडली. अण्णांनी सवयीप्रमाणे ती उजेडाला, दारापर्यंत नेली आणि काठाजवळ त्यांना एक सुटलेला धागा दिसला. साडीची घडी घालून ते म्हणाले, "ह्यो माल न्हाई. दुसरी बगा."

नवरीची आत्या पुढे आली. "अवं अण्णा, कुणाला दिसतंय ते?"

"मला दिसलं की."

"तुमी काय नवरी हाव का?"

सगळं दुकान हसलं, अण्णाही हसले. पण साडी काही दिली नाही. दुसरी त्या मंडळींना आवडेना. सगळी बस्त्याची खरेदी समोरच्या दुकानात गेली. अण्णांचा मुलगा तेव्हा इथेच होता, तो दिवसभर त्यांच्याशी बोलला नाही. संध्याकाळी गेटपाशी अण्णा मला म्हणाले, "दावायचं तर चांगलं दावायचं, न्हाईतर दावायचंच न्हाई." त्यांच्या या वाक्याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. पुढे ह्याच वाक्याने त्यांना अडवलं.

आता गौराक्का. अण्णांची मोठी बहीण. अण्णांची बायको लवकर गेली, मुलगा पुढे कलबुर्गीला स्थायिक झाला, आणि त्या घरात ही दोन भावंडंच राहिली.

गौराक्काचं लग्न झालं आणि वर्षाच्या आत नवरा गेला. सासऱ्यांनी कुणाकडून तरी पंचांग बघवलं. निघालं असं की हिच्यावर शनीची दृष्टी आहे, आणि ती हिच्या डोळ्यांतून दुसऱ्यावर उतरते. तिला आणायला अण्णा गेले होते. ते तेव्हा शाळेत होते. येताना बसमध्ये शेजारच्या बाईच्या मांडीवर तान्हं मूल होतं. गौराक्काने हुलसूर येईपर्यंत खिडकीबाहेर मान वळवून ठेवली. अण्णांनी ही गोष्ट मला एकदाच सांगितली आणि सांगताना हातातल्या पडद्याच्या कापडाची कड उगाचच दुमडत राहिले.

तेव्हापासून तिचं तसंच. दुकानात नव्या मालाच्या गाठी फुटायच्या तेव्हा ती आतल्या खोलीत जाई. बारशाला स्वयंपाक तिचा, पण पाळण्याजवळ ती येत नसे. तुमच्या आईचा जन्म झाला तेव्हा तिला तेल लावायला गौराक्काच रोज येई. तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. पण ती बघायची ते बाळाच्या पायांकडे, पोटाकडे, फार तर गळ्यापर्यंत. तोंडाला तेल मी लावायचं. मी पुष्कळ समजावलं. ती म्हणाली, "वैनी, तुमी शिकलेल्या. तुमाला लागू व्हत न्हाई. लेकराकडची वाट कामून दावायची त्याला?"

गंमत म्हणजे त्यांच्या घरात ग्रहांना जागाच नव्हती. लिंगवंतांचं, म्हणजे लिंगायतांचं घर; इष्टलिंगाशिवाय दुसरं काही पुजायचं नाही. अण्णा चिडून म्हणायचे, "अक्का, लिंग बांधल्याल्या घरात शनी कुठनं आला?"

"घरात न्हाई आला रे. माझ्यावर आला."

आणि शनिवारी ती गुपचूप मारुतीच्या देवळाबाहेर तेल ओतून यायची. अण्णांना ते माहीत असे. तेलाची बाटली रिकामी झाली की भरून ठेवणारे तेच.

लॉकडाऊनमध्ये दुकान बंद पडलं. अण्णांना रिकामं बसणं ठाऊक नव्हतं. आधी त्यांनी घरातले सगळे पडदे पुन्हा शिवले, मग माझे. मग मोबाईलवर ते दुर्बिणींचे व्हिडिओ बघू लागले. रस्ते मोकळे झाल्यावर कलबुर्गीहून मुलाने एक लांबलचक खोकं पाठवलं. ते टेम्पोतून उतरताना सगळी गल्ली बाहेर आली. आतून निघाला माणसाच्या छातीपर्यंत येणारा काळा नळ. त्याच्या तळाशी आरसा आणि वरच्या तोंडाशी, बाजूला, डोळा लावायचं बारीक भिंग. बिदरच्या किल्ल्यावर तोफा पाहिलेल्या आमच्या गल्लीने दुर्बिणीचं नाव त्याच दिवशी ठेवलं: तोफ. "अण्णा, तोफ कुणावर डागायलाव?" असं जाणारायेणारा विचारू लागला. अण्णांनी चांगल्या शर्टिंगचं, नाडी लावलेलं झबलं शिवून तिला घातलं. कटपीसातलं नव्हे, थानातलं कापड फाडून.

संध्याकाळी गच्चीवर येईल त्याला ते दाखवायचे. आणि दाखवायची त्यांची एक रीत होती. सकाळी लिंगपूजेला ते बसत तेव्हा डाव्या तळहातावर लिंग घेऊन, हात डोळ्यांच्या उंचीला धरून, त्या काळ्या गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेल्या दिव्याच्या ठिपक्याकडे टक लावत. श्वास संथ, खांदे सैल. तोच पाठ ते दुर्बिणीपाशी द्यायचे. "डोळा दाबू नका. श्वास हळू. घाई करू नका, त्याला कुठं जायाचं न्हाई."

मी पहिल्यांदा गुरू पाहिला तेव्हा मला नुसता थरथरणारा पांढरा ठिपका दिसला. मी तसं सांगितलं.

"आज आभाळाला सुरकुत्या हायत," अण्णा म्हणाले. "हवा हलायली. बघत राहा, मधीच इस्त्री फिरते."

मी बघत राहिले आणि खरंच, क्षणभर सगळं स्थिर झालं. गोळ्यावर दोन तपकिरी पट्टे, आणि बाजूला एका ओळीत चार बारीक चंद्र. मी काही बोलायच्या आत ते परत विस्कटलं.

"दिसलं?"

"दिसलं."

"गेलं?"

"गेलं."

"येतंय परत. थांबा." त्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता.

कोपऱ्यावरच्या भज्यांच्या गाड्याचा मल्लू एकदा वर आला, भिंगाला डोळा लावला आणि गंभीरपणे म्हणाला, "अण्णा, माझी साडेसाती किती राहिली तेवढं बघून सांगा."

"इथनं माल दिसतो मल्लू," अण्णा म्हणाले, "भाव न्हाई दिसत."

पण हे सगळं गौराक्कासाठी होतं, हे मला थोडं उशिरा कळलं. एका संध्याकाळी शनी दुर्बिणीत आला आणि अण्णा जिन्याच्या तोंडाशी जाऊन खाली ओरडले, "अक्का, वर ये. बघ तरी एकदा त्याला. लई देखणा हाय."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "मी त्याच्याकडं बघू? त्यानं माझ्याकडं बघितलं तेवढं बस झालं!"

अण्णा जिन्यापासून मागे आले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "दुर्बिणीतनं बघायची न्हाई ती. तिला वाटतंय नळीतनं तो बी बघल. फोटू बघल पण. फोटू काय उलटा बघत न्हाई." आणि असं त्यांचं ग्रहांचे फोटो काढणं सुरू झालं. त्यांना एकच फोटो हवा होता. गोळा स्वच्छ, भोवतीची कडी स्वच्छ, मधली काळी फट दिसणारी. असा, की बघताच गौराक्काने म्हणावं, एवढं सुंदर कुणाचं वाईट कशाला करेल?

फोटो काढणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगते, कारण मलाही ते वेगळंच वाटलं होतं. ग्रहाचा एक फोटो काढून चालत नाही, आभाळाच्या सुरकुत्या त्यात येतात. म्हणून भिंगाच्या जागी छोटा कॅमेरा बसवून लॅपटॉपवर व्हिडिओ घ्यायचा. त्यात हजारो चित्रं असतात. त्यातली विस्कटलेली टाकून द्यायची, क्षणभर इस्त्री फिरलेली तेवढी निवडायची आणि एकावर एक बरोबर बसवायची. तेव्हा कुठे एक नीट चित्र तयार होतं. अण्णांना हे शिकायला वेळ लागला नाही. "थानं उलगडायची, चांगली तेवढी ठेवायची, काठाला काठ लावून घडी घालायची," असं ते म्हणायचे. मीही इथे काही वेगळं करत नाही आहे. त्यांना रोज पाहत होते, त्यातलं बहुतेक विस्कटलं. जे स्थिर दिसलं तेवढं एकावर एक ठेवते आहे.

कॅमेऱ्यात ग्रह स्थिर राहत नसे. त्यांची दुर्बीण आपोआप फिरणारी नव्हती, तिला तळहाताने केसभर केसभर ढकलत राहावं लागे. शिवाय शनी यायचा तो नेमका मल्लूच्या गाड्याच्या वर. कढईची वाफ वर चढली की लॅपटॉपवरचा शनी पाण्यात पडल्यासारखा हेलकावे खाई. अण्णा कठड्यावरून ओरडत, "मल्लू! जरा ग्यास बारीक कर!"

"अण्णा, गिऱ्हाईक उभं हाय! तुमच्या शनीपायी माझी भजी कच्ची ठिवू का?"

"पाच मिंटं!"

"शनीला सांगा की जरा बाजूला सरक म्हणून!"

अशा भांडणातून तो पहिला फोटो निघाला. पिवळट गोळा, दोन्हीकडे कानासारखे फुगवटे. अण्णांनी तो स्टुडिओतून छापून आणला, दारातल्या उजेडाला नेला आणि त्यांचा चेहरा पडला. मल्लू तेवढ्यात डोकावला. "ह्यो तर माझ्या कढईतला हाय की!"

अण्णा तो फाडणार होते. मी मागून घेतला.

"हे कटपीस हाय म्याडम. तुमाला कामून पायजे?"

मी म्हटलं, मला पहिल्या गोष्टी ठेवायला आवडतात. त्यांनी दिला, पण एका अटीवर: अक्काला दाखवायचा नाही. "तिला चांगला दावीन. पुढच्या साली हात बसंल."

हात बसला. पुढच्या वर्षीचा शनी बरा आला, त्याच्या पुढचा आणखी बरा. मला सगळे चांगले वाटायचे. अण्णा प्रत्येक फोटो दारापर्यंत नेऊन बघायचे आणि म्हणायचे, काठ फिसकटलाय, रंग उतरलाय, पोत बसला न्हाई. गौराक्काला एकही दाखवला नाही. आणि एक विचित्र गोष्ट होत होती. गोळा दरवर्षी जास्त रेखीव येई, पण कडी दरवर्षी जास्त बारीक. अण्णांना वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. त्यांनी आरसा काढून धुतला, पुन्हा बसवला. भिंग बदललं. नळी एका बाजूला झुकली असेल म्हणून गच्चीच्या फरशीला पाणसळ लावून पाहिली. शेवटी इंटरनेटवर सापडलेला एक इंग्रजी लेख वाचायला त्यांनी मला घरी बोलावलं. मी वाचून अर्थ सांगितला: दोष दुर्बिणीचा नाही. शनी कलता फिरतो. काही वर्षं त्याची कडी आपल्याला पसरलेली दिसतात, मग हळूहळू मिटत जाऊन अगदी कडेवर येतात आणि जवळजवळ दिसेनाशी होतात. ते वर्ष आता आलंच आहे.

मला अर्थ सांगता आला होता, पण डोळ्यांसमोर येत नव्हता. अण्णांच्या डोळ्यांसमोर लगेच आला. "म्याडम, तुमची एक बांगडी काढून द्या. दावतो."

आम्ही त्यांच्याच ओट्यावर होतो. माझा हात मनगटाकडे गेला तोच आतून गौराक्का कडाडली, "सिद्राम! अक्कल हाय का? बायकामाणसाला बांगडी काढ म्हणतोस? बांगडी कामून काढायला पायजे? हात फिरव म्हणावं की तिला!"

तुमचे आजोबा तेव्हा होते. सवाष्णीने हातातली बांगडी उगाच उतरवायची नाही, हे मलाही माहीत होतं. गौराक्काला तर किती माहीत होतं, हे काय सांगू. मी हात पुढे धरला आणि हळूहळू फिरवला. बांगडी आधी गोल दिसली, मग लांबट, मग डोळ्यांच्या रेषेत आली तेव्हा नुसती एक रेघ.

"असं हाय बगा," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "उघडी होती तवा मला येत न्हवतं. मला यायला लागलं तवर मिटली."

त्या दिवसानंतर दुर्बिणीचं झबलं निघेना. अक्काचं वय झालं होतं, मोतीबिंदू काढून झाले होते, गुडघे गेले होते. कडी पूर्ण उघडायला पुन्हा वर्षं लागणार. मल्लू खालून विचारायचा, "अण्णा, ग्यास बारीक करू का?" आणि वरून उत्तर येत नसे.

मग येळवस आली. येळवस म्हणजे वेळा अमावस्या. आपल्या या भागात त्या दिवशी गावंच्या गावं शेतात जेवायला जातात. माझा पाय मुरगळला होता म्हणून मी घरी होते. दिवस मावळता गौराक्का आंबिलीचा तांब्या आणि बाजरीचे उंडे घेऊन आली. मी भांडी रिकामी करायला आत गेले. ही भिंतीसमोर उभी राहिली.

"वैनी, हे भजं कामून लावलंय भिताडाला?"

मला अण्णांची अट आठवली. बाहेर येऊन बघते तर ती चष्मा वर करून, अगदी जवळ जाऊन ते बघत होती आणि हसत होती. "मल्लूचं दिसतंय. कान बी हायत त्याला."

खोटं बोलणं मला जमत नाही. "गौराक्का, तो शनी आहे. अण्णांनी काढलेला पहिला."

तिचं हसू थांबलं. मला वाटलं, आता ही मागे सरेल, तोंड वळवेल. ती तशीच उभी राहिली. म्हणाली, "बघून झालं की वो माझं."

"हो."

"कवाचा हाय?"

"दुर्बीण आली त्या वर्षीचा. तुम्हाला दाखवायलाच फोटो काढायला लागले ते. चांगला आला की दाखवणार होते."

तिने त्या फुगवट्यावरून काचेवर बोट फिरवलं. "आन् ही?"

"ती त्याच्या भोवतीची कडी आहे. नीट आली असती तर बांगडीसारखी दिसली असती."

रिकामी भांडी तशीच टाकून ती निघाली. मी लंगडत मागे गेले. अण्णा शेतातून नुकतेच येऊन ओट्यावर पाय धूत होते.

"सिद्राम! इतकी वरसं मला दावाया फोटू काढायलास, आन् त्या वैनीच्या भिताडावर लावून ठेवलास? मला कामून न्हाई दावला?"

अण्णांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "अक्का, ते कटपीस हाय. चांगला आला न्हाई."

"चांगला आन् वंगाळ बघायला मी काय बस्ता बांधायला आले का तुझ्या दुकानात?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मला रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "चुकलं म्याडम. घरच्या माणसाला गिऱ्हाईक समजलो मी."

"वर हाय का आता त्यो?" गौराक्काने विचारलं.

"हाय. पर आज अमवस्या हाय अक्का. आन् आवंदा त्याची…"

"चल."

तिला जिना चढायला बराच वेळ लागला. अण्णांनी झबलं काढलं, कॅमेरा बाजूला ठेवून भिंग लावलं, स्टूल मांडलं. विजेरीला त्यांनी लाल कापड बांधलेलं असे, डोळे दिपू नयेत म्हणून; तेवढाच उजेड. गौराक्का बसली. अण्णांनी तिला काहीच शिकवलं नाही. शिकवायची गरजही नव्हती. पहाटे लिंगपूजेला तीही तशीच बसे. खांदे सैल, श्वास संथ. ती बघत राहिली. खालून मल्लूच्या कढईचा आवाज येत होता.

"बांगडी कुठं हाय रे?" तिने विचारलं.

अण्णांनी नळी केसभर ढकलली.

"नुसता गोळा दिसायलाय. मधी एक दोरा." मग अगदी वेगळ्या, बारीक आवाजात म्हणाली, "ह्याची बी काढली का?"

अण्णा तिच्या शेजारी खाली बसले, गच्चीच्या फरशीवरच.

"काढली न्हाई अक्का. तूच म्हणालीस ना त्या दिवशी? हात फिरवलाय त्यानं. बांगडी हाय तिथंच. पुढच्या साली दिसंल."

गौराक्काने डोळा काढला नाही. "बिचारा," म्हणाली.

आयुष्यभर जिच्यावर त्याची नजर होती, तिने त्याला बिचारा म्हटलं, रेवा. मी कानांनी ऐकलं.

यानंतर सगळं बदललं असं मी लिहिणार नाही, कारण तसं झालं नाही. शनिवारचं तेल चालूच राहिलं. अण्णांनी छेडलं तर म्हणाली, "आता भ्याले म्हणून न्हाई. ओळख झालीय म्हणून." पण त्या संक्रांतीला ती माझ्याकडे आली आणि जरा घुटमळून म्हणाली, "वैनी, तुमच्या त्या फोनमधी नातवंडं हायत म्हणं. तोंडं दावा की." मी तुमचे सगळे फोटो दाखवले. तिने एकेक तोंड सावकाश बघितलं. निखिल, तुझं नाक तिला तुझ्या आजोबांसारखं वाटलं. तुमच्या आईचा फोटो आला तेव्हा ती म्हणाली, "हिला मीच तेल लावलंय," आणि तो फोटो पुढे सरकवू देईना.

अण्णांची मला आठवते ती शेवटची संध्याकाळ पुढच्या हिवाळ्यातली. दुसऱ्या दिवशी मला तुमच्याकडे यायला निघायचं होतं. तुमच्याकडे असतानाच ते गेल्याचं कळलं. मी त्या दिवशी तुमच्याबरोबर बागेत आले नाही, ते त्यामुळे. पण त्या संध्याकाळी ते धडधाकट होते. निरोप घ्यायला मी गच्चीवर गेले. वारा होता, गावभर शेकोट्यांचा धूर. लॅपटॉपवर शनी नुसता उकळत होता. एरवी असल्या हवेत अण्णांनी झबलंसुद्धा काढलं नसतं.

"आज फार सुरकुत्या आहेत का हो?" मी विचारलं.

"लई हायत." त्यांनी कॅमेरा काढून भिंग बसवलं आणि जिन्याकडे पाहिलं. गौराक्का कठड्याला धरून वर येत होती. "चालतंय म्याडम. बघू दे तिला."

बॅग भरायची होती म्हणून मी लवकर खाली उतरले. आपल्या अंगणात येऊन सहज वर पाहिलं. लाल उजेडात दोघं दिसत होती. गौराक्का भिंगाशी वाकलेली, आणि स्टूल हलू नये म्हणून ते दोन्ही हातांनी धरून अण्णा तिच्यामागे उभे. एवढा आभाळवेडा माणूस, पण आभाळाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते अक्काकडे बघत होते.

"फिरवला की रे हात त्यानं," वरून तिचा आवाज आला. "दिसायली."

अण्णा किती कोनात, कधीपर्यंत, हे सगळं सांगतील म्हणून मी क्षणभर थांबले. ते नुसतं स्टूल धरून उभे राहिले.